शेवटच्या दृश्यातले बूट

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. कुणी घेऊही नये.

माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी गिऱ्हाईक बंद, पण शटर अर्धं वर असतं, कारण दहा वाजता आमची चौघांची बैठक भरते. बैठक कसली, आठवडाभरात पाहिलेल्या सिनेमांवरून भांडणं. मी, मागच्या गल्लीतला घड्याळवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई आणि बसचा कंडक्टर. आठ वर्षं झाली. बाईंना गाणी नकोत, कंडक्टरला मारामारी हवी, घड्याळवाला कमी बोलतो. आणि मी? मला कशातलंच काही आवडत नाही. सिनेमा चालू असतानाच न पटलेल्या प्रत्येक जागी मी च्यक् करतो. शेजारचे वळून बघतात, बघेनात का. बैठकीत शेवटचा शब्द माझाच असायचा, आणि तो असाच असायचा की समोरच्याने पुन्हा तोंड उघडू नये.

बैठकीचा नियमही माझाच. ज्याने सिनेमा पाहिला त्यानेच त्यावर बोलायचं. आल्या आल्या तिकिटाचं अर्धुक काचांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. ते कंडक्टर तपासतो, त्याला ती सवयच आहे. न बघता बोलताना कुणी सापडला, तर त्याने आपलं स्टूल उचलून आतल्या कोठीत जायचं आणि तीन रविवार तिथून नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. कोठी म्हणजे फ्रेमच्या खोक्यांनी भरलेली, दिवा नसलेली खोली. कंडक्टर एकदा सिनेमात झोपला होता, तो तीन रविवार बसून आला. हसत हसत बसला, तो तसाच आहे.

तर झालं असं. एका शुक्रवारी मी दुपारच्या खेळाला गेलो. आई आणि परागंदा झालेला मुलगा, असा सिनेमा. आई रोज संध्याकाळी दार उघडून बसते, मुलगा येत नाही. तास झाला तरी येत नाही. मी किती वेळा च्यक् केलं असेन, मोजदाद नाही. इंटरव्हलला उठलो आणि सरळ घरी आलो. वीस-पंचवीस वर्षं सिनेमे बघणाऱ्याला अर्ध्यातच सगळं कळतं, अशी माझी समजूत. डब्यात टाकायला अर्धुक होतंच खिशात.

शनिवारी भाचीचा फोन आला. तिने तोच सिनेमा पाहिला होता. "मामा, शेवटी दाराशी त्याचे बूट दिसतात ना, तिथे मी ढसाढसा रडले. आणि मग ती काय करते..." मी म्हटलं, "पुरे, कळलं." मला खरंच कळलं असं वाटलं. दाराशी बूट, म्हणजे पोरगा परत आला. झालं.

रविवारी डब्यात त्या सिनेमाची दोनच अर्धुकं पडली. एक माझं, एक घड्याळवाल्याचं. बाई आणि कंडक्टर दुसऱ्याच सिनेमाला गेले होते, म्हणून ते गप्प बसून ऐकणार. घड्याळवाला त्या दिवशी कधी नव्हे तो भरभरून बोलला. म्हणाला, "सुरुवात रेंगाळते, ते कबूल. बहिणीचं काम कच्चं आहे, रडताना ती पाठ केल्यासारखी रडते. पण शेवट काय केलाय रे! एक शब्द नाही. मुलगा येत नाही, येणार नाही, आणि ते तिला कळतं. असा शेवट मी फार दिवसांत अनुभवला नाही."

मला असं मोकळं मैदान दिसलं की राहवत नाही. मी विचारलं, "मुलगा येत नाही?"

"नाही."

"मग शेवटी दाराशी काय होतं?"

तो थांबला. "दाराशी?"

"हो, दाराशी. पडद्यावर, ढळढळीत. सांग की. बसला होतास ना शेवटपर्यंत?"

तो नुसता माझ्या दिशेने मान थोडी तिरकी करून बसला. त्याची ती हल्लीची सवय होती, समोरच्याकडे सरळ न बघण्याची. मला ती लबाडी वाटली. मग माझ्या जिभेला हाडच राहिलं नाही. म्हटलं, "बूट होते, बूट. पोराचे बूट. आंधळ्यालासुद्धा दिसले असते. तिकीट काढायचं, घरी जाऊन झोपायचं आणि इथे येऊन अनुभवाच्या गप्पा मारायच्या? तुला म्हणून सांगतो, लाज वाटली पाहिजे."

कंडक्टर हसला. बाई म्हणाल्या, "अहो, आता नियम तो नियम." घड्याळवाल्याने स्टूल उचललं. कोठीच्या दारात थांबून एवढंच म्हणाला, "तो परत येत नाही रे. नीट बघ." आणि आत जाऊन बसला. तासभर आम्ही बाहेर मारामारीच्या सिनेमावर बोललो. आतून स्टूल सरकल्याचाही आवाज आला नाही.

घरी गेलो, जेवलो, आडवा झालो, पण ते 'नीट बघ' डोक्यातून जाईना. मलाच सांगतो होय, नीट बघ म्हणून! त्याला तोंडावर पाडायला अजून एखादा पुरावा मिळावा, या हिशेबाने मी बुधवारी पुन्हा तिकीट काढलं. पश्चात्तापाने गेलो नाही, हे मुद्दाम सांगतो.

या वेळी शेवटपर्यंत बसलो. शेवटच्या दृश्यात दाराशी खरंच बूट होते. त्यांच्यावर बोटभर धूळ होती. मुलगा गेला त्या दिवसापासून आईने ते तिथेच ठेवलेले, हे इंटरव्हलनंतर पाचच मिनिटांत न बोलता दाखवून टाकलं होतं. आई उठते, पदराने ते बूट पुसते, कपाटात ठेवते, कपाट लावते आणि मग दार लावते. संपला सिनेमा. मुलगा येत नाही, येणार नाही, आणि ते तिला कळतं. शब्दन् शब्द घड्याळवाल्याचा.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लोक बाहेर पडले तरी मी खुर्चीत बसून होतो. न बघता बोलणारा मी होतो, आणि कोठीत मी त्याला बसवलं होतं.

तसाच उठून त्याच्या दुकानात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर, अर्धवट काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यावी असाच बेत होता. दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा, एक टेबल, भिंतीवर टिकटिकणारी वीस घड्याळं. तो टेबलाशी बसला होता. हातातलं मनगटी घड्याळ कानाला लावलं, मग अंगठ्याने त्याची कड चाचपली, मग नखाने मागचं झाकण उचकटलं. डोळ्याला लावायचं ते भिंग टेबलाच्या कोपऱ्यात पडलं होतं, त्यावर धूळ.

मी समोर उभा राहिलो. आमच्यात हातभर अंतर. त्याने मान वर केली आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसं म्हणाला, "या, बसा. सेल बदलायचाय की पट्टा?"

मला वाटलं, रागाने बोलतोय. म्हटलं, "टोमणे नको मारूस."

त्याचा चेहरा बदलला. "तू होय. बस."

मी काही बसलो नाही. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतोय. माणूस दारातून आत आला की त्याला जवळचं दिसत नाही की लांबचं, ते मला चालण्यावरून कळतं, अशी फुशारकी मी हज्जारदा मारली आहे. आणि हा माणूस आठ वर्षं माझ्या दुकानात, माझ्यासमोर बसतो. मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. डोळ्यातला पडदा झिजलाय म्हणाला डॉक्टर. मधोमध धुरकट ठिपका. कडेकडेने दिसतं, त्यावर चालणं-फिरणं होतं. बारीक काम बायको बघते, घरी नेऊन. इथे मी सेल आणि पट्टे."

"अरे, गेल्या वर्षी मी तुझा नंबर काढला. तक्ता सगळा वाचलास, शेवटच्या ओळीपर्यंत!"

"आठ वर्षं दर रविवारी त्या तक्त्यासमोर बसतोय," तो म्हणाला. "पाठ आहे मला."

तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तुझे डोळे ठणठणीत आहेत, तू आळशी झाला आहेस. ते मला त्याच्या टेबलापाशी उभं राहून आठवलं. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या जिन्याखाली कळलं.

"सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"नियम तुझा. बघितल्याशिवाय बोलायचं नाही. मला पडद्यावर माणसं हलतात एवढंच कळतं, बाकीचा सिनेमा मी ऐकतो. ते तुझ्या नियमात बसलं असतं का? आठवड्यात मला तेवढा एकच दिवस आहे रे. तो गेला की मग ही टिकटिक ऐकत बसायचं."

मी म्हटलं, "माझंच चुकलं. तो सिनेमा मी पूर्ण..."

"इंटरव्हलला उठलास. माहीत आहे."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच खेळाला होतो मी. मागे, कडेच्या खुर्चीवर. आतले दिवे मालवले की मगच आत जातो, म्हणजे कुणाला ओळख द्यावी लागत नाही. तुझं च्यक् च्यक् अर्धा सिनेमा ऐकलं. दिवे लागल्यावर तू माझ्या बाजूनेच गेलास, बूट करकरतात तुझे. त्यानंतर एकदाही च्यक् नाही. म्हटलं, गेला हा."

मी त्याला घासून गेलो होतो आणि मला तो दिसला नव्हता.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुझा एवढा पाणउतारा केला. नुसतं म्हणायचंस, हा मध्येच उठून गेला म्हणून."

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं, टेबलाची कड चाचपून. "तुझं दुकान तुझ्या शब्दावर चालतं. तू सांगतोस आणि लोक तो नंबर डोळ्यांवर चढवतात. तुला खोटा कसा म्हणू सगळ्यांसमोर?"

 मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'येतो' म्हणायचंही सुचलं नाही, तसाच बाहेर पडलो.

पुढच्या रविवारी तो पावणेदहालाच आला आणि न बोलता कोठीकडे निघाला, कारण त्याचे दोन रविवार शिल्लक होते. मी त्याच्या हातातलं स्टूल काढून घेतलं आणि त्याच्या जागी ठेवलं. बाई आणि कंडक्टर आल्यावर उभा राहिलो. चार दिवस वाक्यं जुळवली होती, ती सोडून दिली. म्हटलं, "तो सिनेमा मी अर्धाच पाहिला होता. इंटरव्हलला घरी आलो. बुटांचं भाचीने सांगितलं, तेही मी पुरतं ऐकून घेतलं नाही. मुलगा येत नाही. हा खरं बोलत होता, खोटा मी होतो."

कंडक्टरने हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. तोही मीच दिलेला. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघतात तशा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही?"

मी माझं स्टूल उचललं आणि कोठीत जाऊन बसलो. खोक्यांचा पुठ्ठ्याचा वास, दारातून येणारी उजेडाची पट्टी. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. पण बाई जन्मभर प्रश्न विचारत आलेल्या. बाहेर त्या घड्याळवाल्याला विचारताना ऐकू आल्या, "मग तुम्ही का गप्प राहिलात हो? तुम्ही तर शेवटपर्यंत बसला होता. बुटांचं विचारल्यावर सांगायचं होतं."

 माझी लाज झाकली नाही म्हणून मी खूश होतो, आणि त्यामुळे त्याची उघडी पडणार हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मी आतूनच ओरडलो, "मी अंगावर गेलो म्हणून बावरला तो! सोडा तो विषय."

"तू गप्प बस," घड्याळवाला म्हणाला. "कोठीतल्याने बोलायचं नाही. मला विचारलंय, मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. ठिपका, डॉक्टर, तक्ता, सगळं. आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला घड्याळ का बंद पडलं ते समजावतात तसं.  दोन वर्षं जे लपवायला तो माणूस अंधारात सिनेमाला जात होता, ते माझ्यामुळे त्याला बाहेर काढावं लागलं. मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो.

शेवटी कंडक्टर म्हणाला, "मग आता डब्याचं काय करायचं?"

"अर्धुकं टाकायची," बाई म्हणाल्या. "हे ऐकतात तेवढं आपण कधी ऐकतो का, ते बघायला पाहिजे." मग कोठीकडे आवाज देऊन, "तुम्ही. आजच्यापुरती मुभा. ते शेवटचं दृश्य आहे तसं सांगा. मत नको."

मी सांगितलं. धूळ, पदर, एक बूट पुसून झाल्यावर दुसरा उचलताना तिचं थांबणं, कपाटाचा खालचा कप्पा. माझा आवाज मलाच परका वाटत होता. सांगून झाल्यावर घड्याळवाला म्हणाला, "हां, बूट असे होते होय." मग जरा वेळाने, "पण त्याच्या आधी ती पाण्याचे दोन पेले ठेवते, दोनदा टक् वाजतं, आणि एकच उचलते. ते राहिलं तुझं."

मी आठवून पाहिलं. पेल्यांचं मला काहीच आठवेना.

"ते माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो. आठ वर्षांत हे वाक्य मी त्या दुकानात पहिल्यांदाच बोललो.