चंपतचा अडीच इंची पाइप

नव्याण्णव सालच्या दिवाळीत भैंसा गावच्या जिनिंगवाल्या यशवंतरावांनी टर्बो गाडी घेतली. मागच्या काचेवर 'टर्बो' हा शब्द इतक्या मोठ्या अक्षरात होता की तो जणू आपल्याबद्दलच लिहिलाय अशा चेहऱ्यानं यशवंतराव गाडीशेजारी उभे राहत. टर्बो म्हणजे काय असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "ते आतमंधी असते."

महिनाभरात नार्नूरच्या रस्त्यावर एका दगडानं गाडीचा सायलेन्सर पाइप फाडला. नवा पाइप यायला दीड महिना लागेल, असं कंपनीच्या हैद्राबादच्या वर्कशॉपनं कळवलं. यशवंतराव फुटक्या आवाजाची गाडी घेऊन इचोड्याला चंपतकडे आले.

चंपतचं दुकान धाब्यांच्या रांगेत, टिनाचं. निर्मलपासून पैनगंगेच्या पुलापर्यंत कोणत्याही गाडीचा पाइप फाटला की ड्रायव्हर इचोड्यापर्यंत ढकलत आणतात, ते त्याच्यामुळं. मी तिथल्याच ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून गावात इंग्रजीत जे काही लिहिलेलं येतं, त्याला मी जबाबदार असतो. त्या दिवशी मी बाजूला चहा पीत होतो. चंपतनं फाटका पाइप काढला, उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

"मास्तर, इकडं या. काय दिसते?"

"उजेड."

"पुरा?"

पुरा नव्हता. वाकापाशी पाइप पायाखाली आलेल्या उसासारखा चेपलेला होता.

"दगडानं झालं का हे?" मी विचारलं.

"दगड तिकडं लागला. हा वाक कंपनीतूनच असा येऊन राह्यला. थंडा पाइप मशीनीनं वाकवला का पोटात दबते."

यशवंतरावांना हे लागलं. नव्या गाडीची निंदा म्हणजे नव्या सुनेची निंदा. "काऊन रे, कंपनीले तुह्यापेक्षा कमी समजते का?"

"समजते ना. घाई असन तिले." चंपत खाली बसला. "यशवंतराव, तुमच्या जिनिंगीत कापूस वढाचा पंखा आहे. त्याच्या म्होरल्या नळीत बोळा अडकला तं काय होते?"

"वढत नाई कापूस."

"बस. टर्बो म्हंजे पंखाच. इंजनाचा धूर त्याले फिरवते, अन् तो इंजनात हवा कोंबते. साध्या गाडीत धूर जरा अडला तरी निभते. इथं म्होरं धूर अडला का पंखा मंद. पंखा मंद झाला का तुमची गाडी निस्ती काचेवरची टर्बो."

यशवंतरावांनी काचेकडे पाहिलं आणि पाइप बनवायला सांगितलं.

चंपतची पद्धत अशी. दुकानाच्या तोंडाशी त्याची बायको मनकर्णा फुटाणे भाजते. तिच्या कढईतली खडखडीत भाजलेली रेती तो पाइपात ठोकून ठोकून भरतो, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारतो, वाकाची जागा भट्टीत लाल करतो आणि हळूहळू वळवतो. पोटात रेती असल्यावर पाइपाला चेपायला जागाच नसते. रेतीत ओल राहिली तर वाफ होऊन खुंटी गोळीसारखी सुटते. चंपतच्या छपराला तरुणपणीची तीन भोकं आहेत. चार वाकांच्या त्या अडीच इंची पाइपातून त्यानं बेअरिंगची मोठी गोळी सोडली. ती कुठंही न अडता दुसऱ्या तोंडानं बाहेर आली.

यशवंतरावांची तक्रार एकच होती. "आवाज नाई आला रे. गाडी कशी भुंकली पायजे."

"भुंकणारी पायजे तं कुत्रं पाळा, यशवंतराव."

गाडी पळू लागली. घाटात तिचा गियर कमी वेळा बदलावा लागू लागला, हे यशवंतराव स्वतःच्या ड्रायव्हिंगचं यश म्हणून सांगत. मग गाडी सर्व्हिसिंगला हैद्राबादला गेली आणि तिकडून इंग्रजी पत्र आलं. ते वाचायला अर्थातच मला बोलावलं. चंपतच्या दुकानासमोर, आठ-दहा ड्रायव्हरांच्या देखत मी वाचलं: गाडीला लोकल, हलक्या दर्जाचा पाइप बसवलेला आढळला. तो काढेपर्यंत वॉरंटी बंद.

"हलक्या दर्जाचा," चंपत म्हणाला. "इंग्रजीत बी तेच लिवलं का?"

मी थोडं सौम्य सांगू शकलो असतो. पण वीस वर्षं पोरांच्या चुका काढून ती सवय गेलेली. "इंग्रजीत जरा जास्तच आहे," मी म्हणालो.

यशवंतरावांनी मान खाली घातली. "काढ बा तुहा पाइप. वॉरंटीचा कागद आहे."

संध्याकाळपर्यंत पत्र सगळ्या धाब्यांवर पोचलं. दुसऱ्या दिवशी फाटक्या पाइपाचे दोन ट्रकवाले चंपतकडे न थांबता पुढं निघून गेले. दुकानाच्या बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. चंपतनं यशवंतरावांना निरोप पाठवला: पाइप काढतो. पण कंपनीचा माणूस नवा पाइप घेऊन येईल तेव्हा निर्मलच्या घाटात दोन्ही पाइप लावून गाडी चढवायची. माझा हरला, तर यापुढं पाइप वाकवणार नाही. भट्टी विझवीन.

"कोणाची भट्टी इजवतं?" मनकर्णा कढईपासून म्हणाली. "मले रेती भाजा लागते. हारासाठी जाऊ नको, जितासाठी जा."

कंपनीचा इंजिनियर तरुण होता, हैद्राबादचा, इस्त्रीच्या शर्टातला. घाटाची गोष्ट ऐकून तो हसला, पण यशवंतरावांनी त्याला तसंच जाऊ दिलं नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची कंपनीची पद्धत नव्हती. ती गोष्ट पत्रानं करायची असते.

घाटाच्या पायथ्याशी गाडीत सरकीची सहा पोती टाकली. यशवंतरावांचा ड्रायव्हर उत्तमराव चाकावर, इंजिनियर घड्याळ घेऊन शेजारी आणि मी नि:पक्षपाती म्हणून पोत्यांवर. नि:पक्षपाती माणसाला नेहमी अशीच जागा मिळते.

आधी कंपनीचा नवाकोरा पाइप. सहा मिनिटं पन्नास सेकंद. मधल्या वळणावर दुसऱ्या गियरात यावं लागलं आणि मागं काळा धूर निघाला. खाली आलो. चंपत गाडीखाली गेला आणि स्वतःचा पाइप चढवून बाहेर आला. त्याच वळणावर उत्तमरावांचा हात सवयीनं गियरकडे गेला आणि तसाच परत आला. सहा मिनिटं बारा सेकंद.

"पहले इंजन ठंडा था," इंजिनियर म्हणाला. "और ड्रायव्हर तुम्हारा है."

"तो आप चलाओ साब," चंपत म्हणाला. "मै फिर बदलता."

तापलेले पाइप त्यानं ओल्या पोत्यानं धरून पुन्हा काढले, पुन्हा चढवले. दोन्ही वेळा इंजिनियर स्वतः चाकावर बसला. कंपनीचा पाइप: सहा चव्वेचाळीस. चंपतचा: सहा नऊ. खाली उतरल्यावर इंजिनियरनं इस्त्रीचा शर्ट तसाच मातीत टेकवला, गाडीखाली सरकला आणि चंपतच्या पाइपाचा एक-एक वाक हातानं चाचपला. त्याच्या तळहाताला चटका बसला असणार, पण तो लगेच बाहेर आला नाही.

"कौनसा मशीन है तुम्हारे पास?"

"रेती है साब. औरत भूंजती."

इंजिनियरनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मास्तरचा एवढा उपयोग असतो.

बॉनेटवर यशवंतरावांचं पत्र पसरून तो उभा राहिला. वॉरंटी बंदची ओळ त्यानं खोडली. "पाइप राहू द्या, मी वरच्या ऑफिसला लिहितो," असं यशवंतरावांना हिंदीत म्हणाला आणि सही करू लागला.

यशवंतरावांचं काम झालं होतं. ते कागद घ्यायला पुढंही आले. चंपतनं हात आडवा केला.

"मास्तर, तो शब्द कुठं आहे?"

मी बोट ठेवलं. तिथं 'लोकल' होतं आणि त्याला लागूनच ते दुसरं. चंपतला इंग्रजी येत नाही, पण कोणत्या जागेपाशी बावीस वर्षं अडलीत हे त्याला दिसत होतं. पायथ्याशी थांबलेले ट्रकवालेही जवळ आले.

इंजिनियरला सांगावं लागलं नाही. त्यानं 'हलक्या दर्जाचा' वर सरळ रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली. मग जरा थांबून पेन 'लोकल'वर नेलं. "ये भी काट देता हूं," तो म्हणाला. मोठ्या मनानंच म्हणाला.

"नको साब," चंपत म्हणाला. "वो रहने दो. वो सही है."