वळणावरचा पाय

कमलेशने ती डबी कानाशी धरून हलवून पाहिली. आत काही खुळखुळलं नाही. मग त्याने ती उलटी केली, तिच्या वायरी बोटांत धरून पाहिल्या आणि शेवटी नाकाशीही नेली.

"वास काय घेतोस? भजी हाय का ती?" मनोज म्हणाला.

दोघे खोपोलीच्या शिळफाट्यावर मनोजच्या ट्रकला टेकून चहा पीत होते. कळंबोलीच्या बाजारात अशा डब्या रेडीमेड मिळतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडायची, की इंजिनाला डिझेल जास्त आणि चढाला ओढ जास्त. मनोजच्या गाडीला ती बसल्यापासून गडी जावई मिळाल्यासारखा मिरवत होता.

"पण आत हाय काय हिच्या?"

"तुला काय करायचंय? भात जेवतोस तेव्हा शेत बघाया जातोस का?"

कमलेश जाणाऱ्यातलाच होता. लहानपणी त्याने घरातला रेडिओ, शेजाऱ्यांचं घड्याळ आणि शाळेची घंटासुद्धा खोलून पाहिली होती. त्यातली घंटा तेवढी परत जोडता आली. त्यामुळे आत काय आहे हे कळल्याशिवाय ती डबी आपल्या गाडीला लावायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

पण नाही म्हणायलाही सवड नव्हती. कारखान्याचा माल सकाळी घाटावर पोचवायचा आणि संध्याकाळी घरी यायचं, असं त्याचं काम बरं चाललं होतं. दिवाळीपासून भार वाढला आणि गाडी बोरघाटात मधेच दमायला लागली. दोनदा तर चढावर बंदच पडली आणि मागे पार पायथ्यापर्यंत गाड्या तुंबल्या. ट्रान्सपोर्टवाला कोंडाजी माणूस वाईट नव्हता, पण त्याने तोंडावर सांगितलं, "या आठवड्यात सुधार, नायतर घाटाचा नंबर दुसऱ्याला. तू मग लांबच्या फेऱ्या घे."

लांबच्या फेऱ्या म्हणजे गुजरात नाहीतर नागपूर, आठ-आठ दिवस घराबाहेर. पावसाळ्यात त्याच्या वडिलांच्या, आबांच्या, छातीत कळ आली होती. तेव्हा कमलेश संध्याकाळी घरी होता म्हणून ते वेळेत दवाखान्यात पोचले. तो घरी नसता तर, हा विचार तो पुरा करतच नसे.

"मापानं शिवून देणारी पण हाय एक," मनोज चहाचा ग्लास ठेवत म्हणाला. "खालापूर फाट्यावर. सुरभी नाव तिचं. गाडीत बसते, माणूस कसा चालवतो बघते, मग इंजिनाचं गणित बसवते. उगाच नखरे."

कमलेशने डबी परत केली आणि त्या नखऱ्यांचा फोन नंबर मागून घेतला.

---

सकाळी तो निघाला तेव्हा घरात रोजचाच वाद चालू होता.

"आबा, अहो, ती गोधडी राहू द्या. कालच उन्हात घातली होती," विनिता दारातून म्हणत होती.

कमलेशचा बाप बुधाजी तिकडे लक्ष न देता जुनी लाल गोधडी ओढत आंगणाच्या दगडी गडग्याकडे चालला होता. दवाखान्यातून आल्यापासून म्हाताऱ्याला हा नवा नाद लागला होता. ऊन असो, ढग असो, सकाळी गोधडी गडग्यावर पडलीच पाहिजे.

"काय ढेकूण झालेत का तिच्यात?" विनिताने डबा देताना नवऱ्याला विचारलं.

"असू दे गं. तेवढंच चालणं होतं त्यांचं," कमलेश म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला.

सुरभी कारखान्याच्या फाटकापाशी लॅपटॉप घेऊन उभी होती. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, पायात जाड बूट. रिकाम्या गाडीचं माप घेत नाही, हे तिने फोनवरच सांगितलं होतं. केबिनमध्ये चढून तिने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"आता मी नाहीच असं समजा, दादा. रोज चालवता तसं चालवा."

कोणी असं म्हटलं की माणसाला श्वास कसा घेतात तेही आठवत नाही. पहिला चढ कमलेशने परीक्षेला बसल्यासारखा चालवला. मग हळूहळू अंग सैल झालं. गाडी बरी ओढत होती. सुरभी पडद्यावरच्या दोन रेघांकडे बघत होती, आणि कमलेशची नजर चोरून तिकडेच जात होती.

शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे एक वळण आहे. गाडी तिथे आली आणि एकदम बसली. आवाज खोल गेला, धूर निघाला, कमलेशला घाईघाईने खालचा गिअर टाकावा लागला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"बघितलंत? हीच ती जागा. हितंच जीव जातो तिचा."

सुरभीने पडद्यावर त्या जागी खूण केली. वर खंडाळ्याला गाडी बाजूला घेतल्यावर तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"ही वरची रेघ म्हणजे इंजिनाची ओढ. आणि ही खालची म्हणजे तुमचा पाय."

"माझा पाय?"

"रेसवरचा. हे बघा, त्या वळणावर इंजिन बसायच्या आधी पाय उठलाय. इंजिन दमलं नाही. तुम्ही त्याला सोडलंत."

कमलेश हसला. "छे. चढावर कोण पाय उचलंल, मॅडम? आजच शिकलो का मी?"

"उद्या परत येते," ती म्हणाली. "उद्या तुम्हीच पायाकडे लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्याने लक्ष ठेवलं, अगदी चोरावर ठेवावं तसं. ते वळण आलं आणि त्याच्या देखत त्याचा पाय अलगद वर उठला. कोणी हाक मारल्यावर मान वळावी, तितक्या सहज. गाडी बसली. पाय परत दाबला गेला तोवर व्हायचं ते झालं होतं. कमलेश इतका चकित झाला की गिअर टाकायलाही त्याला उशीर झाला.

"च्यायला," तो स्वतःशी म्हणाला, आणि मग "सॉरी, मॅडम."

सुरभीला हसू आलं. "देवळापाशी पाया पडायची सवय असेल. पुष्कळ ड्रायव्हरांना असते."

"देऊळ तर अजून पुढं हाय," कमलेश म्हणाला. खरंच, शिंग्रोबाला त्याने चालत्या गाडीतून एका हाताने नमस्कार केला तो नंतर, आणि तेव्हा पाय जागचा हलला नाही.

वर पोचल्यावर ती सरळ बोलली. "डबी लावलीत तर काम होईल. पण एका वळणासाठी सगळ्या घाटभर जास्त डिझेल जळेल, इंजिन तापेल, धूर होईल. ही सवय सोडलीत तर डबी नको आणि मीही नको. भार तुमच्या इंजिनाला जड नाही. आणि सवय सुटणार नसेल, तर मी मापाने करून देते. पाय परत टेकला की ओढ लगेच येईल असं. घरी विचार करून सांगा."

सरळ हिशेबाने सवय सोडायची, विषय संपला. पण हा पाय उठतो कशाला, हे कळल्याशिवाय कमलेशला झोप लागायची नव्हती. परतताना उतारावर त्याला एकच आठवलं. तो गाडी शिकत होता तेव्हा आबा शेजारी बसत, आणि त्या वळणावर त्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर येई, पाय उचल म्हणून.

---

संध्याकाळी बुधाजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. शेजारी त्याची बायको मैना, त्याने टाकलेल्या सालींतून राहिलेले दाणे वेचत होती.

"आबा, शिंग्रोबाच्या अलीकडं ते वळण हाय बघा. तिथं तुमी पाय का उचलायचात?"

म्हाताऱ्याचे हात थांबले.

"तुला कोण म्हणाला?"

"माझाच पाय म्हणाला. तुमी शिकवलंत तसा अजून उठतो."

बुधाजीने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती.

"तुला दमा होता लहानपणी," तो म्हणाला. "छाती भात्यासारखी वाजायची. तुला तसाच टाकून गाडी काढावी लागायची. फोन कुठं होते तवा? तुझी आई म्हणाली, तुमी जावा, पोराला आराम पडला तर गडग्यावर लाल गोधडी टाकते. त्या वळणावरनं आपलं आंगण दिसतं. पाय उचलायचो, खाली बघायचो आन् फुडं जायचो."

"आणि गोधडी नसली तर?"

"नसली तर खंडाळ्यापर्यंत रडत जायचो. दुसरं काय करणार रं?"

कमलेशने एक शेंग उचलली आणि नुसतीच हातात धरली.

"धुक्यात काय दिसायचं?"

"धुक्यात काय दिसतंय? तरी पाय उठायचा. तू मोठा झालास, दमा गेला, तरी उठायचा." बुधाजीने पुढची शेंग सोलली. "तू पण उचलतोस की. हितं बसून रोज ऐकतो मी. त्या वळणावर तुझ्या गाडीचा आवाज बसतो, मग परत भरतो. मी हिला सांगतो, बघ, पोरानं बघितलं. मग छातीला बरं वाटतं."

"आन् बरं वाटलं की गोळी चुकवतात," मैना म्हणाली.

कमलेशची नजर आंगणाच्या कडेला गेली. गडग्यावर लाल गोधडी सकाळपासून तशीच पडली होती. तिच्या पलीकडे, खूप वर, घाटाचा रस्ता एका जागी डोंगराबाहेर डोकावत होता. पावसाळा सरल्यापासून ती गोधडी रोज तिथे पडत होती, आणि रोज तो त्या वळणावरून गेला होता, समोरच्या गाडीच्या पाट्या वाचत.

"बघतोस ना रं?" बुधाजीने सहज विचारलं.

"बघतो की," कमलेश म्हणाला. "रोज बघतो."

त्याने शेंग टोपलीत टाकली आणि फोन घेऊन गाडीकडे गेला.

"मॅडम, मापानंच शिवा," तो म्हणाला. "त्या वळणावर पाय उठणार, असं धरून."

"सवय सुटत नाही म्हणता?"

"सुटंल. पण सोडायची नाय."

तीही आत काय आहे ते बघणाऱ्यांतलीच असावी.

"कारण विचारलं तर चालेल?"

"खाली घर दिसतं," कमलेश म्हणाला.

"बरं," सुरभी म्हणाली. "उद्या दुपारी गाडी घेऊन या."

---

काम झाल्यावरच्या पहिल्याच सकाळी मागच्या गाडीत कोंडाजी स्वतः बसला होता, नंबर ठेवायचा की काढायचा ते डोळ्यांनी बघायला. कमलेशने आरशात त्याला एकदा पाहिलं आणि मग चढ संपेपर्यंत विसरून गेला.

ते वळण आलं. पाय उठला. या वेळी मानही वळली. खाली नव्या इमारती, पत्र्याच्या शेड, झाडं, सगळं एकमेकांत गेलेलं. त्यात आपलं घर कुठलं, हे त्याला चटकन कळेना. मग एका आंब्याच्या आडून नखाएवढं लाल दिसलं.

त्याने पाय टेकला. इंजिनाने लगेच ओढ घेतली आणि मागून कोणाचा हॉर्न आला नाही. खाली ओट्यावर आता आवाज भरत गेला असेल, आणि आबा रोजच्यासारखं आईला सांगत असतील, बघ, पोरानं बघितलं. आज ते खरं होतं.