श्वास रोखून दिलेलं माप

मित्रांनो, मी शिंपीमास्तरांच्या गळ्यातली जुनी टेप आहे. कारखान्यातून आले तेव्हा मला वाटायचं, माणूस म्हणजे छाती, कंबर आणि बाह्या. मास्तरांच्या हाती पडले आणि कळलं, व्यक्ती तितक्या प्रकृती. कोणाला गुदगुल्या व्हायच्या, कोणी खांबासारखं ताठ उभं राहायचं. मला सगळ्यांचंच भारी कुतूहल.

एक साहेब मात्र काही केल्या उलगडत नव्हते. मी कमरेभोवती आले रे आले, की ते पोट आत ओढून श्वास रोखायचे. असं का करतात, मला कळेना. मग शिवलेला कोट पोटावर घट्ट व्हायचा आणि साहेबांचा आवाज चढायचा. "मास्तर, डोळे गेले का तुमचे? का ही टेपच खोटी आहे?"

"माझंच चुकलं," म्हणत मास्तर शिवण उसवायचे. असे तीन कोट झाले. शेवटी त्यांनी मला लाकडी पट्टीशी ताडून पाहिलं. मी तंतोतंत बरोबर निघाले, तसे ते आणखीच खचले. "म्हणजे माझी नजरच गेली. आता दुकान बंद करू या." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

काजं करत बसलेल्या मास्तरीणबाईंनी मानही वर केली नाही. "नजर ठणठणीत आहे हो तुमची! ते दम कोंडून उभे राहतात. त्यांना बोलतं करा. बोलताना पोट आत ठेवून दाखवावं कोणी!"

चौथ्या कोटाच्या वेळी मास्तरांनी मला साहेबांच्या कमरेभोवती धरलं. "काय साहेब, कचेरीत कसं चाललंय?" साहेब सुरू झाले. नवा आलेला तरुण अधिकारी, त्याची सडपातळ कंबर, जिना चढताना आपल्याला लागणारी धाप. बोलता बोलता पोट सैल पडलं. अच्छा, हे दुखणं होतं तर!

"आता आकडा तुम्हीच वाचा," मास्तर म्हणाले.

"बेचाळीस," साहेब गोरेमोरे होत पुटपुटले. मास्तरांनी तो वहीत त्यांच्याच हातून लिहून घेतला.

कोट चपखल बसला. आभार कसले, साहेबांनी बटणांवरून कुरकुर केली. जित्याची खोड! मास्तर हसून म्हणाले, "बटणं चांगली आहेत, साहेब. बदलणार नाही."

मित्रांनो, चूक असेल तर जरूर कबूल करा. पण कोणी ओरडलं म्हणून ती आपलीच चूक, असं मानू नका. तो का ओरडतोय, ते आधी नीट पाहा. आमचं दुकान अजून चालू आहे, आणि मापाला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मास्तर आधी बोलतं करतात.