आलापल्लीच्या पुढची गाणी

भाऊ, बाई, बसा घडीभर. आधी एक विचारतो. नवीन गाणं ऐकायचं मनात आलं, तर भरवसा कोणावर ठेवावा? रेडिओवाल्यावर, जो कालचंच गाणं आज पुन्हा ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून लावतो? मोबाइलवर, जो तुम्ही काल बोंबील घेतला म्हणून आजही बोंबीलच पुढं करतो? की तराजू धरून बसलेल्या एखाद्या बाईवर, जिला सूर-तालातलं ओ की ठो कळत नाही?

माझं उत्तर पक्कं आहे. मी शकुबाईच्या दुकानातला गाण्याचा डबा बोलतोय. कारखान्यात मला रेडिओ म्हणून घडवलं, पण जाता जाता पाठीला कार्ड घालायची एक फट ठेवली. ती फट नसती तर मी कधीच भंगारात गेलो असतो. बाईजवळ बसून बसून मीही अर्धा व्यापारी झालोय, तेव्हा माझ्या बोलण्यात मालाची भाषा आली तर चालवून घ्या.

शकुबाई आलापल्लीची. सुकी मासोळी, झिंगे, मीठ, मिरची असा तिचा माल. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, आणि सगळ्यात लांबचा भामरागडचा. गिऱ्हाईक ओढायला तिनं मला घेतलं होतं. आलापल्लीत मी खणखणीत वाजायचो. पिकअप जंगलात शिरली की माझा घसा बसायचा. पहिल्या वळणावर गायक खोकू लागायचा, दुसऱ्या वळणाला निवेदिका गायब, पुढं नुसती खरखर. बाई म्हणायची, माझा डबा साग पाहून भेते.

एकदा भर बाजारात माझी खरखर चालली होती. सिरोंच्याकडचा एक मिरचीवाला वैतागला. त्यानं आपल्या मोबाइलमधलं कार्ड काढून माझ्या पाठीत घातलं. तेलुगू गाणं होतं, नाकात गाणारी एक म्हातारी आणि मागं डफासारखं काही. बाई झिंगे तोलत होती. पारडं केव्हाच खाली टेकलं, तरी तिचा हात झिंगे टाकतच राहिला. गिऱ्हाईक हसून पिशवी घेऊन गेलं तेव्हा तिला समजलं.

दुसरी असती तर तिनं कार्ड काढून फेकलं असतं. शकुबाईनं त्या दिवसापासून नियमच केला: ज्या गाण्यानं माप चुकते, ते ठेवायचं. भाषा समजो, न समजो.

मग तिचा गाण्यांचा धंदा सुरू झाला. धंदा म्हणजे पैशाचा नाही. गाण्याला गाणं, असा सौदा. कोणी नवीन काही ऐकवलं की बाई आपल्यातलं एक द्यायची. तिचा एक आडाखा होता, तो तुम्हीही ध्यानात ठेवा. ‘हे सगळ्याइले आवडते’ असं म्हणणाऱ्याचं गाणं ती घेत नसे. सगळ्यांना आवडणारा माल विकणारा जास्त बोलतो. ‘तुले आवडन का नाई माहीत नाई, पण मले हे ऐकल्याशिवाय झोप येत नाई’ असं कोणी म्हटलं, की तिचा हात माझ्या बटणाकडे गेलाच म्हणून समजा.

तिची लेक रंजीता भद्रावतीला दिलेली. तिच्या शेजारी हरिदासभाऊ राहतात, माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या वस्तीतल्या मंडळानं दरवर्षी जयंतीला स्वतः रचून म्हटलेली भीमगीतं त्यांच्याजवळ होती. कुठल्या रेडिओवर ती कधी लागली नाहीत आणि लागायची वाटही कोणी पाहिली नाही. बाईनं एक गाणं अर्धं ऐकलं आणि छान आहे म्हणाली. भाऊंनी डबा स्वतःकडं ओढून घेतला. अर्धा शिजलेला भात खाऊन कोणी आचाऱ्याची तारीफ करते का, असं म्हणून त्यांनी तिला शेवटच्या कडव्यापर्यंत उठू दिलं नाही. चहा थंड झाला. शेवटच्या कडव्यात कोरसमधल्या एका बाईचा आवाज असा काही वर गेला की शकुबाईनं थंड चहा तसाच पिऊन टाकला आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

आता सुकरीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

सुकरी नदीपलीकडच्या गावातली माडिया बाई. चारोळी घेऊन भामरागडच्या बाजाराला यायची आणि आमच्याच शेजारी टोपली मांडायची. तिच्या गावाकडच्या बाया रेला नावाची गाणी म्हणतात. दोन रांगा समोरासमोर, हातात हात. एक रांग ओळ टाकते, दुसरी उत्तर देते. चाल जुनी, पण ओळी दरसाल नव्या. त्या वर्षीचं गाणं मोबाइलच्या टॉवरवर होतं. त्याचा अर्थ असा, की गावाला एक पाहुणा आला, मान उंच, अंगाला लोखंड, विचारलं तर बोलत नाही.

शकुबाईनं ते मोबाइलमध्ये भरून मागितलं. सुकरीच्या नणंदा त्या दिवशी आल्या नव्हत्या. तिनं एकटीनं ओळ म्हटली आणि खाली पाहत गप्प बसली. मग दुसरी ओळ. पुन्हा गप्प. बाईला वाटलं, विसरली.

“विसरली नाई,” सुकरी म्हणाली. “माझं मी म्हटलं. त्याइचं त्या म्हणतीन.”

पुढच्या बाजारी मी ते गाणं वाजवलं. पहिली ओळ संपली, मी गप्प झालो, आणि मिरचीच्या ढिगाआडून एका बाईनं उत्तर दिलं: बोलत नाही, तर आणला कोणी? बाजार हसला. दुसऱ्या रिकाम्या जागेत मडकी विकणारी बोलली: आमच्या घरीही एक असाच आहे, जेवतो आणि गप्प बसतो. तिचा नवरा तिथंच मडकी मांडत होता, त्याची मान मात्र खाली. त्यानंतर बाजारागणिक उत्तरं बदलत गेली. गाणं तेच, पण शिळं कधी झालं नाही. मी इतकी वर्षं वाजतोय, अर्धा वेळ गप्प बसून एवढी गर्दी जमवलेली ती पहिलीच खेप.

उन्हाळ्यात बाई लेकीकडं गेली. मी सोबत होतोच. जावई प्रफुल यांचं भद्रावतीला मोबाइलचं दुकान आहे. माणूस गुणी आणि सासूसाठी जीव टाकणारा. त्यांना गाणं फार आवडलं. सासूबाईंना न सांगता त्यांनी ते रात्रभर बसून नीट केलं आणि सकाळी माझ्या कार्डात जुन्याच्या जागी नवं घातलं.

“आई, मधी मधी रेकॉर्डिंग बंद पडली होती. सगळं साफ केलं,” ते म्हणाले. खाली ठेकाही घातला होता. त्या आठवड्यात वस्तीत दोन लग्नं झाली आणि दोन्हीकडं वरात याच गाण्यावर नाचली. शकुबाईचा ऊर भरून आला. सुकरीले सांगीन, तुया आवाजावर भद्रावती नाचली, असं ती वाटभर घोकत आली.

भामरागडला तिनं मला मोठ्या ऐटीत मिठाच्या पोत्यावर ठेवलं. सुकरीची पहिली ओळ गेली. मिरचीवाल्या बाईनं उत्तराला तोंड उघडलं, तोवर मी दुसरी ओळ म्हणून मोकळा. मडकीवालीनं प्रयत्न केला, तिच्याही अंगावरून मी गेलो. मी थांबू शकत नव्हतो. थांबायच्या जागाच कापल्या होत्या.

सुकरी ऐकत उभी राहिली. तिच्या नणंदा त्या दिवशी आल्या होत्या, त्या तिच्याकडं पाहत होत्या, जणू तिनंच त्यांना रांगेतून हाकलून दिलं होतं.

“बाई, यात मी एकलीच काऊन बोलून राह्यलो?” सुकरीनं विचारलं. “माया नणंदाइले वाटते, मीच त्याइले काढून टाकलं.”

शकुबाई समजावू लागली, पण सुकरीनं टोपली उचलली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मांडली. नणंदा तिच्यापासूनही अंतर ठेवून बसल्या. आमच्या दुकानाला गिऱ्हाईक कमी पडलं नाही, मासोळी विकलीच. पण बाईनं मला दिवसभर बंद ठेवलं.

पाऊस तोंडावर होता. पुढचा बाजार शेवटचा. नदी चढली की रस्ता तुटतो, मग पाणी उतरेपर्यंत सुकरी तिकडं आणि आपण इकडं. तेवढे महिने ती नणंदांसोबत एकाच गावात, आणि मधे हे गाणं.

आलापल्लीला पोचताच बाईनं जावयाला फोन लावला. सासूनं जावयाला रागवायची रीत नाही, म्हणून आधी तब्येत विचारली, दुकान विचारलं, नातवाचा दात विचारला. मग म्हणाली, “जवाईबापू, तुमी बोलता बोलता थांबले, आन् मी बोलाच्या आत तुमीच पुढं बोलले, तं मले बोलता येईन का?”

प्रफुल हुशार आहेत. “आई, त्या रिकाम्या जागा नव्हत्या का?”

“नव्हत्या, बापू.”

बरं झालं, मूळ आवाज त्यांनी दुकानाच्या कॉम्प्युटरवर जपून ठेवला होता. त्यांनी विचारलं, ठेका तेवढा राहू देऊ का, लोकांना आवडतो. बाई म्हणाली, “तुमच्या तिकडल्या लग्नात राहू द्या. मले जसं होतं तसं धाडा, हात लावू नका.” संध्याकाळी ते बाईच्या मोबाइलवरून माझ्या कार्डात आलं. माझा आवाज जागेवर आला म्हणा ना.

शेवटच्या बाजाराला आभाळ भरलेलं होतं. बाईनं दुकान नेहमीच्या जागी मांडलंच नाही. सुकरीसमोर जाऊन बसली आणि मला लावलं. पहिली ओळ. मग रिकामी जागा. कोणी बोललं नाही. नणंदा सुकरीकडं पाहत होत्या, सुकरी पाठ फिरवून चारोळी निवडत होती. दुसरी ओळ. पुन्हा रिकामी जागा, नुसतं माणसांचं चालणं.

तिसऱ्या रिकाम्या जागेत शकुबाईनं स्वतः तोंड उघडलं.

काय सांगू, फुटकं मडकं बरं. माडिया भाषा तिला बाजारापुरती येते, त्यात सूर कधी आलाच नव्हता. तिची ओळ संपायच्या आत माझी पुढची सुरू झाली, तरी ती थांबेना, ओरडून ओरडून आपलं पूर्ण करत राहिली. एक नणंद तोंडाला पदर लावून हसली. मग दुसरी. सुकरीचे खांदे पाठीमागूनच हलताना मला दिसले.

ती उठली. सरळ माझ्याकडं आली आणि माझं बटण बंद केलं.

“थांब, बाई,” ती शकुबाईला म्हणाली. “हा डबा तुयासाठी थांबत नाई. मी थांबतो.”

तिनं स्वतः ओळ म्हटली आणि वाट पाहिली. शकुबाई अडखळली, तरी सुकरी तिच्यासाठी थांबून राहिली. मोठी नणंद शकुबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिचा हात धरला आणि उत्तर दिलं. मग धाकटी आली. दोन रांगा झाल्या. मासोळीला माश्या बसल्या, कोणी हाकलल्या नाहीत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुरेल बाजार मी बंद पडून ऐकला, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

आता रस्ता तुटलाय. मी आलापल्लीला फळीवर आहे, तब्येत उत्तम. सुकरीनं जाताना सांगितलं ते बाईनं जावयाला कळवलं: गाणं शहरात वाजवा, पण ऐकणाऱ्याला सांगा की मधे तोंड उघडायचं आहे. प्रफुल आता कार्ड भरून देताना प्रत्येकाला ते सांगतात. काही लोक हसतात. काहींनी मराठीत उत्तरं द्यायला सुरुवात केलीय, आणि त्यातली दोन-तीन बाईनं पाणी उतरल्यावर पलीकडं न्यायला जपून ठेवलीत.

तुम्हीही शोधा, भाऊ. रेडिओची खरखर सुरू होते तिथं घाबरून परत फिरू नका, तिथूनच तर माल चांगला लागतो. शेजाऱ्याला विचारा, बाजारात विचारा, न समजणाऱ्या भाषेतलं एखादं गाणं घरी आणा. फक्त एक विनंती आहे. हिशेब चोख ठेवा. गाणं कोणी म्हटलं, कोणाच्या हातून आलं, आणि त्यात अजून कोणाचं बोलणं बाकी आहे, हे प्रत्येक वेळी खरं खरं सांगा.