जाडूबाईवरचा आळ

मी एक जुनी पेन्सिल आहे, आणि माझ्यावर एक खोटा आळ आलेला आहे. तो आळ ज्यांनी घेतला त्यांच्याच बोटांत मी आयुष्य काढले. म्हणून मित्रांनो, आज माझी बाजू तुम्हीच ऐकून घ्या.

तुमच्या दप्तरात सडपातळ पेन्सिली असतात. त्यांच्या डोक्यावर टिचकी मारली की सुईसारखे शिसे पुढे येते. मी त्यांच्याच कुळातली, पण अंगाने थोराड. माझ्या पोटातली शिशाची कांडी आगकाडीहून जाड आहे. खरे सांगायचे तर ते शिसे नसतेच, ग्रॅफाइट असते. पण लोक एखाद्याला एकदा जे म्हणू लागतात, ते खरे की खोटे हे नंतर कोणी तपासत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या कांबीतून मला लेथवर घडवले. तोंडाशी चार पाकळ्या कापल्या. तो माझा जबडा. डोक्यावरची टोपी दाबली की जबडा उघडतो, सोडली की मिटतो. आमच्यात टिकटिक करून थोडे थोडे पुढे येणे नाही. जबडा उघडला की कांडी सरळ खाली घसरते. खाली बोट धरले नसेल तर जमिनीवर पडून तुकडे.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. प्रत्येक पेन्सिलीत कांडी घालून ती चिमट्याने ओढून पाहणे हे त्यांचे काम. कांडी सुटली की ती पेन्सिल बाजूच्या टोपलीत, पुन्हा भट्टीकडे. मला त्यांनी ओढले, मग जोर लावून पुन्हा ओढले आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही बया सोडतच नाही गं!"

एवढेच माझे शिक्षण आणि एवढीच माझी पदवी. धरले की सोडायचे नाही.

मला विकत घेतले एका चित्रकाराने. शाळेच्या पुस्तकांत बेडूक, पाने, ज्वालामुखी असतात ना, ते काढणे हा त्यांचा व्यवसाय. दुकानदाराने त्यांना आधीच बजावले, "साहेब, ही सुतारकामाची आहे. फळीवर खुणा करायला नेतात."

"माझा हात जड आहे हो," ते म्हणाले. "बारीक शिसं माझ्याकडे दोन रेघा टिकत नाही. सुताराचीच द्या."

रस्त्यातच त्यांनी मला खिशातून काढून माझे नाव ठेवले. "चला, जाडूबाई."

त्यांचे टेबल एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी होते. खाली यंत्र सुरू झाले की टेबलावरचे पाणी पेल्यात थरथरायचे. पण त्यांची रेघ कधी थरथरली नाही. मला आडवे धरले की ढगासारखी रुंद करडी छटा यायची आणि कांडीच्या कडेवर उभे धरले की रोपाच्या मुळावरच्या केसाइतकी बारीक रेघ. दर रेघेला ते मला बोटांत किंचित फिरवत, म्हणजे टोक एका बाजूने बोथट होत नाही. चित्र मी काढायची, त्याखालची नावेही मीच लिहायची. वर्तुळ काढायला त्यांना कधी कंपास लागला नाही. एक श्वास घ्यायचे आणि तो सोडेपर्यंत वर्तुळ मिटलेले असायचे.

संपादकबाई एकदा कागद हातात धरून म्हणाल्या, "अहो, बेडूक इतका देखणा काढलात तर मुलं धडा कशाला वाचतील?"

"धडा तुम्ही लिहिलाय," ते म्हणाले. "त्यात माझ्या बेडकाचा काय दोष?"

त्यांची मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची आणि टेबलाखाली बसायची. ते तिला मुंगी म्हणत. तिला मी हवी असायची. आधी त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली. "मुंगे, आधी बोट खाली, मग टोपी. उलटं केलंस तर जाडूबाईचा जीव जाईल." तिने उलटेच केले. कांडी फरशीवर पडून मोडली. ती रडायच्या बेतात होती, तर त्यांनी आखूड तुकडा उचलून तिच्या मुठीत दिला. "घे. आता तुझ्या मापाची झाली."

त्यांच्या डाव्या तर्जनीचे टोक असे कांड्या झेलून कायमचे काळे झाले होते. तिच्या आईने साबण लावून पाहिला, लिंबू चोळून पाहिले. "लग्नात हेच बोट धरून सात पावलं चालले असते तर माझाही हात काळा झाला असता," असे त्या म्हणत, आणि दोघे हसत.

मुंगी मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मी तिथेच होते. खिडकीपाशी, त्या बोटांत. मला वाटले, आता शेवटपर्यंत असेच.

मग एके दिवशी पिंपळाच्या पानाची शीर काढताना रेघ वाकडी गेली.

वाकडी म्हणजे किती? तुम्हाला दिसलीही नसती. त्यांना दिसली. त्यांनी ती खोडली, पुन्हा काढली. पुन्हा तीच लहर आली. ते म्हणाले, "आज यंत्र फार धडधडतंय." दुसऱ्या दिवशी यंत्र बंद होते. तेव्हा ते म्हणाले, "कागद खरखरीत आलाय." कागद बदलून आणला. तो लोण्यासारखा होता.

यंत्र मोठे होते, कागदाला गठ्ठाभर भाऊबंद होते. राहिले कोण? मी. मला तोंड आहे, पण ते फक्त शिसे धरायला.

संपादकबाई हळूच म्हणाल्या, "या वेळी रेघ जरा हललीय का हो?"

आजूबाजूला छापखान्यातले सगळे बसलेले होते. त्यांनी मला सर्वांसमोर उचलले आणि म्हणाले, "पेन्सिल जुनी झाली. जबडा सैल पडलाय. शिसं आतल्या आत हलतं. हे बघा."

आणि त्यांनी मला वर धरून दाखवले. मी हलत होते, हे खरेच आहे. पण मित्रांनो, माझ्या जबड्यात कांडी खिळ्यासारखी घट्ट होती. हलत होता तो हात.

कोणीही कांडी ओढून पाहिली नाही. त्यांच्यावर अविश्वास कोण दाखवणार? ज्यांचा शब्द आजवर कधी खोटा ठरला नव्हता, ते म्हणत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "जुनं झालं की असंच हो." झाले. माझा निकाल लागला.

त्यांनी मला घरी नेले, माझ्या मूळ डबीत ठेवले आणि डबीच्या झाकणावर लिहिले, "सैल. वापरू नये." हे लिहायला त्यांनी मलाच घेतले. माझ्यावरचा आळ माझ्याच शिशाने लिहून घेतला. मी तो लिहिला. पेन्सिल नाही म्हणू शकत नाही.

ती डबी घरच्या टेबलाच्या खणात गेली. नंतरचे मी तिथूनच ऐकले आहे.

मुंगीचा फोन यायचा. "बाबा, चित्रं कशी चाललीत?"

"अगं, जाडूबाई गेली कामातून. त्यामुळे जरा अडलंय."

"एवढंच ना? मी आणते नवी. तुम्ही नुसतं सांगायचं."

तिने नवी आणली. माझ्याच जातीची, काळ्या अंगाची, महागाची. ती महिनाभर टेबलावर राहिली आणि माझ्याशेजारी खणात आली. तिची म्हणे पकड मऊ होती. मग आणखी एक आली. ती म्हणे वजनाला चुकीची. आम्ही तिघी अंधारात पडून राहायचो. त्या दोघींना तर आपला गुन्हा काय हेही कळले नव्हते.

एकदा त्यांच्या पत्नी वैतागून म्हणाल्या, "अहो, तुमच्याच वाट्याला साऱ्या वाईट पेन्सिली कशा येतात? नाचता येईना, अंगण वाकडं!"

ते हसले. मोठ्याने हसले. मग म्हणाले, "बरं, चहा अर्धाच दे. हल्ली पूर्ण कप नको वाटतो."

घरात कोणी नसले की मात्र खण उघडायचा. ते मला बाहेर काढत, दोन्ही हातांनी धरत, एक श्वास घेत. वर्तुळ बटाट्यासारखे यायचे. मग ते माझ्या पितळेवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "तुझं काही चुकलेलं नाही गं, जाडूबाई." कागद फाडून टाकत. मला पुन्हा त्याच डबीत ठेवत, त्याच झाकणाखाली.

आळ चारचौघांत आणि क्षमा एकांतात. असली क्षमा मला नको होती. दार उघडून कोणालातरी हाक मारून तेच वाक्य म्हटले असते, तर मी सुटले असते. आणि तेही.

सुटीत मुंगी आली होती. तिने टेबलावरचे चित्र उचलले. "बाबा, ही फांदी अशी का थरथरलीय?"

खणात मी जीव मुठीत धरून ऐकत होते. आता तरी.

"पेन्सिल, दुसरं काय," ते म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? आधी बोट, मग टोपी, हे ज्यांनी शिकवले त्यांचे सगळेच आजवर खरे निघाले होते.

पुढे ते जिन्यात पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, हात केव्हापासून थरथरतो? घरातल्या कोणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, लवकर आले असते तर औषधाने या हाताकडून आणखी पुष्कळ काम झाले असते. हे मला मायलेकींच्या बोलण्यातून नंतर कळले. ते स्वतः पुन्हा टेबलापाशी आले नाहीत. दवाखान्यातून घरी आला तो त्यांचा चष्मा.

काही आठवड्यांनी मुंगीने खण उघडला. तिची आई खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ती जुनी टाकून दे," आई म्हणाली. "तिचा जबडा सैल आहे. बाबाच म्हणायचे."

मुंगीने मला हातात घेतले. टाकायलाच घेतले असावे. पण बोटांना जुनी सवय असते. डावी तर्जनी आपोआप माझ्या तोंडाखाली आली आणि मग तिने टोपी दाबली. कांडी तिच्या बोटावर टेकली. तिने टोपी सोडली. मी धरले.

तिने कांडी चिमटीत पकडून ओढली. मग जोर लावून ओढली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला ओढून पाहत होते. मी जन्मभराचे बळ जबड्यात आणले.

तिने मला कागदावर टेकवून, दाबून एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने काळी पेन्सिल काढली, ओढून पाहिली. तिसरी काढली.

"आई," ती म्हणाली, "या सगळ्या घट्ट आहेत."

घडी घालणारे हात थांबले.

"एकही सैल नाही गं. बाबा माझ्याशी खोटं बोलले. फोनवर, तोंडावर. आणि मी पेन्सिली आणत बसले."

आईने हातातला कपडा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मी कप अर्धा भरून देत होते. मला वाटलं, चहा कमी केलाय."

मुंगीने खोडरबर घेतले आणि माझ्या डबीचे झाकण पुढे ओढले. मला वाटले, आता माझे नाव स्वच्छ होणार. पेन्सिलीने लिहिलेले पुसता येते, हाच तर आमच्या जातीचा गुण. खोडरबर पहिल्या अक्षराला टेकले आणि थांबले. ती अक्षरे तिने कदाचित तेव्हाच नीट पाहिली. "सैल"च्या वेलांटीसारख्या थरथरणाऱ्या दोन मात्रा. "वापरू"च्या उकाराला फुटलेले काटे. सगळा खुलासा त्या झाकणावरच होता, आणि त्यांनी तो दडवला नव्हता, फक्त खणात ठेवला होता.

तिने खोडरबर खाली ठेवले. त्या थरथरत्या हाताचे एवढेच अक्षर आता उरले होते, ते तिला पुसवेना.

म्हणून मी आजही त्याच डबीत राहते. झाकणावर तेच लिहिलेले आहे. ती मला रोज बाहेर काढते, माझ्या शिशाने लिहिते, पाने काढायचा प्रयत्न करते, आणि पुन्हा त्या खोट्या पाटीखाली ठेवते. खोटे आहे हे माहीत असूनही. आधी त्यांनी मला दगा दिला, आता ती देते. तिच्यावर रागवावे असे मला रोज वाटते. जमत नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, जागच्या जागी ठेवा, हे तुम्हाला सगळे सांगतातच. मी आणखी एक सांगते. घरातले मोठे माणूस वारंवार म्हणू लागले, की सुई बोथट झाली, कुलूप बिघडले, कपाचा कान निसरडा आहे, पेन्सिल सैल आहे, तर ती वस्तू हातात घ्या आणि तपासा. ती ठीक निघाली तर तिला फेकू नका आणि हसूही नका. त्या माणसाजवळ बसा. त्याचा हात आपल्या हातात घ्या, आणि सोडू नका.

धरून ठेवणे कसे असते हे माहीत नसेल तर माझ्याकडे या. झाकणावर काय लिहिले आहे ते वाचू नका. ओढून पाहा.