अर्धी सोडलेली भिंत

रंगाऱ्याच्या लेकीचा गळा रंग खरवडायच्या लोखंडी पट्टीने चिरला होता. एकदा नव्हे, चार वेळा. स्वयंपाकघराच्या फरशीवर इतकं रक्त होतं की मुरलेला फौजदारही दारातून मागे सरला. आत तिचा धाकटा भाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, कोपरापर्यंत लाल.

"सकाळपासून मी आतल्या खोलीत भिंत रंगवतोय, साहेब," जावई म्हणाला. "एकदाही थांबलो नाही. भिंत संपवून बाहेर आलो, तर याच्या हातात पट्टी."

बहीणभावाचं आदल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं, सगळ्या गल्लीने ऐकलेलं. त्यात पोरगा पहिल्यापासून उडाणटप्पू, आणि जावई म्हणजे रंगाऱ्याने स्वतःच्या हाताखाली घडवलेला गडी, शब्दाचा पक्का. म्हाताऱ्या बापाने दुसरा विचारच केला नाही.

चौकीत त्याने शिपायाची काठी हिसकावली आणि पोराला गुरासारखं बडवलं. डोकं वाचवायला पोराने उजवा हात वर केला, तर त्याची तीन बोटं कडाकडा मोडली. "मीच मारलं, बाबा! मीच मारलं!" असं तो किंचाळला तेव्हा कुठे काठी थांबली. फौजदार बघत उभा होता. आयती कबुली मिळत असताना कोण मधे पडतो?

तिसऱ्या दिवशी म्हातारा लेकीचे कपडे आणायला त्या घरी गेला. आतल्या खोलीत खिडकीतून तिरकं ऊन येत होतं आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर मधोमध, वरपासून खालपर्यंत, हातभर रुंदीचा गडद पट्टा दिसत होता.

तो जवळ गेला. भिंत सुरू केली की संपवूनच हात धुवायचा, हा त्याचा दंडक. मधे थांबलं की कड वाळते, आणि मग वरून कितीही हात मारा, जोड लपत नाही. याच चुकीसाठी त्याने जावयाच्या कानाखाली वाजवली होती, शिकत असताना. गडी इथून अर्धा तास तरी गायब होता.

पाणी प्यायला गेला असेल, म्हाताऱ्याने मनाला समजावलं. मन ऐकेना, पण समजावणं भाग होतं. जावई खोटा निघाला, तर ती तीन बोटं कुणाच्या माथी मारायची?

त्याने जोडावरून बोट फिरवलं. रंगात एक केस अडकला होता. ब्रशचा असेल म्हणून नखाने ओढला, तर तो येतच राहिला. चांगला हातभर लांब, आणि मुळाशी वाळलेल्या रक्ताचा थेंब.

म्हाताऱ्याने बोलावलं म्हणून फौजदार जावयाला आणि दोन शिपायांना घेऊन आला, तो वैतागूनच. "आता भिंतीचा जबाब घेऊ होय, मिस्त्री?"

"माझ्या जावयाचा घ्या," म्हातारा म्हणाला आणि जावयाकडे वळला. "इथं थांबलास ना रे?"

जावयाने जोडाकडे पाहिलं. "थांबलो असेन घडीभर. पाणी प्यायला."

"स्वयंपाकघरात?"

जावई मागे सरला. भिंतीला पाठ लावून तो हळूच म्हणाला, "मला सोडून चालली होती ती."

म्हाताऱ्याने त्याची झुलपं धरली आणि तोंड त्याच भिंतीवर आपटलं. नाक फुटलं. पुन्हा आपटलं, दोन दात खाली पडले. दोन शिपायांनी ओढून काढेपर्यंत तो आपटतच होता, आणि रडतही होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती त्याने पोटच्या पोराला दिली होती.

तसाच, रक्ताच्या हातांनी, तो दवाखान्यात गेला. पोरगा खाटेवर बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हातारा खाटेजवळ गेला. त्याने पोराच्या डोक्यावरून फिरवायला हात वर केला.

पोराने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"मीच मारलं, बाबा," तो म्हणाला. "मीच मारलं."