आंबेमोहराचा फवारा

मला कुणी सांगावं की माझ्या आंबेमोहराला वास कमी? मला? पंधरा वर्सं लोंबी न् लोंबी निवडून मी ह्ये बी राखलंय. आणि पवनानगरच्या तांदूळ महोत्सवात ती परीक्षक बाई माझा तांदूळ मुठीत धरून हुंगते नि म्हणते कशी, "मुक्ताबाई, तुमचा ठीक आहे. पण गोरखशेटचा नुसता घमघमतोय!"

गोरखशेट म्हंजे लोणावळ्याचा तांदळाचा व्यापारी. चिखलात कधी पाय घातला न्हाई त्यानं. एक खाचर खंडानं घेतलं नि झाला शेतकरी. बरं, पयला नंबर म्हंजे नुसती शाल-नारळ न्हवता. पयला येईल त्याचंच बियाणं पुढल्या साली साऱ्या मावळात वाटायचं ठरलं हुतं. त्याचं कसलंबी बी वाटलं असतं, तर आमचं बी चार सालांत नावालाबी उरलं नसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी लेक कोमल शेजारीच हुती. आंबीच्या एका कारखान्यात नोकरीला हाय ती. तितं मोठाल्या टाक्यांत जिवाणू पोसत्यात आणि त्यांच्या एन्झाइमकडनं वास तयार करून घेत्यात. व्हॅनिलाचा, लोण्याचा, सुगंधी तांदळाचाबी. "आई, तू दुधाला विरजण लावतीस, तसलंच समज," असं तिनं सांगितलेलं. मला लय कौतुक वाटायचं.

तिनं गोरखशेटचे चार दाणे तळहातावर चोळून हुंगले आणि तिचं तोंडच उतरलं.

"आई, ह्यो वास आमच्या टाकीतला हाय. बिस्किटात घालायला बनवतो आमी. ह्यानं तांदळावर फवारलाय."

"अगं, मग बोल की!"

तिनं नजरेनंच स्टेजकडं दाखवलं. स्टेजवर तिचेच मोठे साहेब बसलेले. मांडवाचा खर्च त्यांच्याच कंपनीनं केलेला.

मग मीच उठले. "ओ बाई! कच्चा तांदूळ हुंगून निकाल लावताय व्हय? तुमच्या घरात न धुता भात करत्यात का? दोन्ही धुवा, शिजवा, मग बोला!"

"मावशी, हरल्यावर असं चिडायचं नसतं," गोरखशेट दात काढून बोलला.

"तू गप रे! वास फवारला न्हाईस, तर धुवायला एवढा का भितूस?"

लोक हसले, पण बाईंनी पातेली मागवली. गोरखशेटचा तांदूळ तीन पाण्यानं धुतला आणि सगळा घमघमाट पाण्यासंगं वाहून गेला. शिजला, तर कसलाच वास न्हाई. माझ्या पातेल्यावरचं झाकण काढलं, तवा मात्र मागल्या रांगेतल्या बायाबी उठून पुढं आल्या.

"माझा तांदूळ जुना हाय, वास उडाला असंल!" गोरखशेट ओरडला. "फवारला म्हणताय, पुरावा काय?"

तवा कोमल उठली.

"पुरावा मी. ह्यो वास आमच्या कारखान्यात बनतो. धान्यावर वापरायचा न्हाई, असं पिंपावर छापलेलं असतं. गोरखशेटच्या दुकानाला ती पिंपं जात्यात."

"आपल्याच प्लांटचा आहे, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दर बॅच हुंगून मीच पास करते."

साहेब खाली उतरून तिच्याजवळ आले. हळू बोलले, पण मला ऐकू आलं. "गिऱ्हाइकाचं नाव चारचौघांत घेतलंस. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

तिकडं पयल्या नंबराला माझं नाव पुकारलं. बाई शाल घेऊन आल्या. मी शालीकडं बघितलंबी न्हाई, साहेबाच्या पुढ्यात जाऊन हुबी ऱ्हायले.

"का वो साहेब? वास वळखायला पगार देता ना हिला? मग आज वळखला तर घरी बसवता? आणि तो गोरख तितं बसलाय खुर्चीवर, त्याला सांगा की, उद्यापासून पिंप न्यायला येऊ नकोस म्हणून! सांगा ना!"

साहेब बाजूनं निघाय लागले. मी वाट अडवून तितंच हुबी ऱ्हायले.